लेकराला नवोदयला घालायचं का? फॉर्म भरायच्या आधीच्या गोष्टी

मी माजलगाव तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीची संगणक परिचालक आहे. पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, लाडक्या बहिणीची केवायसी, आणि पाऊस लागला की नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीला जायच्या परीक्षेचे फॉर्म, असं माझं वर्ष जातं. मागच्या जुलैत मुदत संपायच्या दिवशी सर्व्हर बसलेला, बाहेर भुरभुर चालू, आणि एक बाप लेकराला गाडीवर पुढं बसवून आला. "ताई, ह्याचा नवोदयचा टाका." मी पोराला विचारलं, "जायचं का रे तुला?" त्यानं बापाकडं बघितलं आणि मला म्हणालं, "तिथून रोज एष्टीनं येता येतं का?"

बापाला हसू आलं. मला आलं नाही, कारण २०२२-२३ मध्ये माझ्या थोरल्याचा फॉर्म मी असाच भरला होता, त्याला काही न सांगता. त्याचा नंबर लागला नाही. दोन वर्षांनी धाकटीचा लागला, ती आता तिथं सहावीत आहे. दोघांच्या वेळी मिळून जेवढं शिकले ते इथं क्रमानं लिहिते. पेपरची तयारी शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. लेकराला पाठवायचं की नाही, हे कसं ठरवायचं ते कुणी सांगत नाही.

१. पहिला नंबर बाजूला ठेवा

"आमचं लेकरू हुशार आहे, वर्गात पहिलं असतं," हे वाक्य मी खिडकीतून रोज ऐकते. वर्गात किती लेकरं? नऊ. नवांत पहिलं येणं वाईट नाही, पण त्यावरून घरापासून सात वर्षं लांब ठेवायचं ठरवू नका.

माझा थोरला नेहमी पहिला. सांगितलेलं नीट करायचा, अक्षर मोत्यासारखं, गुरुजी खूश. शाळा सुटली की शेळ्या आणि क्रिकेट. त्याला जे मिळत होतं त्यात त्याचं पोट भरत होतं.

धाकटीचे मार्क त्याच्यापेक्षा कमी असायचे. पण ती तिसरीत असताना खताच्या गोण्या उतरवायला आलेल्या टेम्पोजवळ उभी राहिली आणि आजोबांना म्हणाली, "युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० ची, मग हमाल दोन्हीला सारखेच पैसे का घेतो?" आजोबांनी हमालाला विचारलं. हमाल म्हणाला, "पोरीला घरात घ्या." वर्गात मात्र तिची तक्रार यायची. उत्तर आधीच सांगून टाकते, मग खिडकीबाहेर बघत बसते, बाजूच्या पोरीला बोलते. तिच्या वहीत गणित अर्धंच असायचं. उत्तर खाली लिहिलेलं, मधल्या पायऱ्या गायब.

हा फरक ओळखायला शिका. दोन आठवडे एका वहीत रोज दोन ओळी लिहा: लेकरानं आज न सांगता काय केलं, काय विचारलं, कशात तासभर रमलं. मार्क लिहू नका. दोन आठवड्यांनी वही वाचली की कळतं, लेकरू आहे तिथं उपाशी आहे की मजेत आहे. मजेत असलेल्या लेकराला उचलून न्यायची घाई करू नका.

बुद्ध्यांक मोजून घ्यावा का, असंही कुणी कुणी विचारतं. नवोदयच्या प्रवेशाला तो लागत नाही. बिने-कामत ही मराठी आणि कन्नड लेकरांसाठी बसवलेली जुनी चाचणी आहे, मानसशास्त्रज्ञ ती करून देतात. लेकरू तोंडी गणितात दोन इयत्ता पुढं आणि वाचताना मात्र अडखळतं, असं काही कोडं असेल तर जरूर करा. नुसता आकडा हातात घेऊन पाहुण्यांना सांगायचा असेल तर ते पैसे लेकराच्या पुस्तकांना घाला.

२. दारं किती आहेत ते बघा

आपल्याकडं "नवोदय" हा एकच शब्द चालतो. दारं जास्त आहेत, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

जवाहर नवोदय विद्यालय: १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून उभी राहिलेली केंद्राची निवासी शाळा. खेड्यातल्या हुशार लेकरांसाठीच ती काढली. देशातली पहिली दोन १९८५-८६ मध्ये निघाली, त्यातलं एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. बीड जिल्ह्याचं गढीला आहे, हिंगोलीचं वसमतला, धाराशिवचं तुळजापूरला, नांदेडचं शंकरनगरला, छत्रपती संभाजीनगरचं कन्नडला. सहावीला ८० जागा. सीबीएसई. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं फुकट. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी असतो, तो मुलींना, एससी-एसटीला, दिव्यांगांना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. आईबाप सरकारी नोकरीत असतील तर १५०० रुपये.

शिष्यवृत्ती परीक्षा: पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला होती, आता शासनानं ती परत चौथी-सातवीला न्यायचं ठरवलंय. त्यामुळं तुमच्या लेकराची कोणत्या वर्षी येते ते शाळेत विचारूनच घ्या. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० मार्क. घर सोडायला लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय विद्यानिकेतन ही राज्य सरकारची निवासी शाळा आहे. सैनिक शाळेची सहावीची परीक्षा देशभर एकदम होते, साताऱ्याच्या आणि चंद्रपूरच्या सैनिक शाळा त्यातच येतात. तिथं आता मुलींनाही घेतात, पण फी आहे आणि ती शेतकऱ्याच्या घराला जड जाते. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशाला १९६९ पासून खास बुद्धिमान मुलांसाठी चालते, प्रवेश पाचवीला. म्हणजे चौथीतच हालचाल करावी लागते, आणि पुण्यात राहायची सोय आपली आपण बघावी लागते. तिचंच काम १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोहारा तालुक्यात हराळीला सुरू झालं, तिथं निवासी शाळा आहे. जमलं तर एकदा जाऊन बघून या.

आमच्यासारख्यांना परवडणारं आणि जिल्ह्यातलं म्हणून पुढं मी नवोदयबद्दलच लिहिते.

३. निकाल लागायच्या आधी ठरवा

ह्या लेखातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर.

लोक म्हणतात, "आधी परीक्षा तर देऊ द्या, नंबर लागला तर बघू." नंबर लागल्यावर कुणी बघत नाही. चौकात फ्लेक्स लागतो, सरपंच नारळ-शाल घेऊन येतात, मामा गाडी घेऊन येतो. त्या दिवशी लेकरू म्हणालं की मला जायचं नाही, तर त्याचं कोण ऐकणार? घरातल्या आईचंही ऐकत नाहीत. तेव्हा हे काम फॉर्मच्या आधीच्या उन्हाळ्यात उरका.

आधी शाळा बघून या. लेकराला घेऊन जा, आत जाता नाही आलं तर गेटपर्यंत. गावातलं कुणी तिथं शिकत असेल तर सुट्टीत त्याच्याशी लेकराची गाठ घालून द्या आणि तुम्ही तिथून उठून जा. मोठी माणसं बसली की पोरं "छान आहे" एवढंच बोलतात. धाकटीला शेजारच्या गावातल्या आठवीतल्या मुलीनं जे सांगितलं ते मला कधीच सांगता आलं नसतं: पहाटे उठून पीटीला पळावं लागतं, कपडे आपले आपण धुवायचे, मोबाईल नाही, आई महिन्यातल्या ठरलेल्या रविवारी येते, आणि अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाऊस असतात, त्यांच्यात खेळाची भांडणं लागतात. धाकटी घरी येऊन म्हणाली, "मी निलगिरीत जाणार." डोंगराचं नाव आवडलं तिला. नंबर लागायला अजून एक वर्ष होतं!

मग घराबाहेर ठेवून बघा. आत्याच्या नाहीतर मावशीच्या घरी आठवडाभर, तुमच्याशिवाय. काय बघायचं? रडतं का ते नाही, रडतात सगळीच. पोट दुखलं तर मोठ्या माणसाला जाऊन सांगतं का? चप्पल हरवली तर विचारतं का, की अनवाणी फिरतं? कपडे धुता येतात का, केस विंचरता येतात का, ताटात नावडती भाजी आली तर काय करतं? दहा-अकरा वर्षांच्या लेकराला वसतिगृहात बुद्धीपेक्षा तोंड जास्त लागतं. माझा थोरला दुखलं-खुपलं सांगतच नाही. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी त्याचा आणि नवोदयचा संबंध मी लावला नाही.

नवऱ्या-बायकोनं एकदा दार लावून बोला. आणि अवघड प्रश्न तिथंच विचारा: लेकरू दोन महिन्यांनी म्हणालं घरी ने, तर आणायचं का? किती दिवस थांबायचं? आजोबांना कोण समजावणार? आमच्याकडं ठरलं होतं की दिवाळीपर्यंत थांबायचं, दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतः नाही म्हणाली तर परत पाठवायचं नाही, आणि त्यावर गावात कोण काय बोलतं ते आम्ही दोघांनी ऐकून घ्यायचं.

नववीची एक गोष्टही आधीच माहीत असू द्या. नववीत वर्गातली साधारण ३० टक्के लेकरं वर्षभरासाठी हिंदी भागातल्या दुसऱ्या नवोदयला जातात, तिकडची इकडं येतात. प्रवेशाच्या वेळी त्याला तयार असल्याचं पालकांनी लिहून द्यायचं असतं. बरेच जण न वाचता सही करतात आणि नववीत डोक्याला हात लावतात. शिकवणं सातवी-आठवीपर्यंत मराठीत, पुढं इंग्रजी-हिंदीत.

४. आहे त्या शाळेत काही होतं का?

ही पायरी लोक गाळतात. गुरुजींना भेटा. "लेकरू हुशार आहे" म्हणू नका, त्यांना ते रोज दिसतं. नेमकं मागा. आमची जिल्हा परिषदेची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी-पाचवी एकाच खोलीत. मी बाईंना म्हणाले, गणिताच्या वेळी हिला पाचवीच्या ओळीत बसू द्या. बाई म्हणाल्या, ती कधीचीच तिकडं बघून सोडवते. तेव्हापासून ती तिकडं बसायला लागली आणि तक्रारी अर्ध्यावर आल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अशा मुलांना शाळेतच जास्तीचं काम द्यावं असं लिहिलेलं आहे. ते दाखवून भांडू नका, पण मागताना मनात असू द्या.

आणखी एक हिशेब करा. आठवीत एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि लेकरू सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नवोदयच्या लेकरांना ती लागू नाही. आमचा थोरला यंदा आठवीत आहे. तो त्या परीक्षेला बसला, आणि ह्या वेळी फॉर्म भरायला तो स्वतः माझ्या शेजारी बसला होता.

५. बसतं का नियमात?

इथून पुढं माझ्या खिडकीतलं काम. नियम दरवर्षीच्या माहितीपत्रकात असतात, तेच शेवटचे. फॉर्म अडतात ते मात्र दरवर्षी ह्याच ठिकाणी.

वय: २०२६-२७ च्या प्रवेशाला जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ मधला हवा होता. पुढच्या वर्षाच्या तारखा माहितीपत्रकात बघा. शाळेतली तारीख आणि आधारवरची तारीख वेगळी असेल तर आताच सरळ करून घ्या. फॉर्मच्या आठवड्यात ते होत नाही.

एकदाच: ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवीत परत बसवून दुसऱ्यांदा देता येत नाही.

जिल्हा: ज्या जिल्ह्यात राहता आणि ज्या जिल्ह्यात लेकरू पाचवीत आहे, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज. लातूरला शिकवणीला ठेवून तिथल्याच शाळेत नाव घातलं आणि फॉर्म बीडचा भरला, असं चालत नाही.

ग्रामीण: निदान ७५ टक्के जागा ग्रामीण लेकरांसाठी आहेत. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्या शाळेत हवीत. ह्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी लेकरू शहरी धरतात. आणि शहर म्हणजे फक्त बीड-परळी नाही. वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार इथं नगरपंचायती झाल्या आहेत. "आमचा तालुका खेड्यासारखाच आहे" हे फॉर्मला कळत नाही. इंग्लिश स्कूलला म्हणून तिसरीत तालुक्याला नेलं आणि चौथीत परत आणलं, अशी दोन-तीन लेकरं दरवर्षी शहरी रकान्यात जातात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. लेकरू तुमच्याबरोबर फडावर गेलं की शाळेचं वर्ष मोडतं. हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ ठेवा, हजेरी गावातल्या शाळेत लागू द्या. परीक्षाही नेमकी हंगामात येते: २०२५ ला १८ जानेवारीला होती, पुढची १३ डिसेंबर २०२५ ला झाली. कोण घेऊन जाणार ते उचल घेतानाच ठरवा. प्रवेशपत्र मोबाईलवर येऊन पडलं आणि मोबाईल कर्नाटकातल्या कारखान्यावर, असं मागं एकदा झालं होतं. शेवटी चुलत्यानं येऊन माझ्याकडून छापून नेलं.

जात प्रवर्ग: हे केंद्राचं काम आहे, म्हणून राज्याचे प्रवर्ग तिथं नसतात. आपल्याकडं वंजारी म्हणजे एनटी-डी आणि बंजारा म्हणजे व्हीजे-ए. केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसीत येतात. फॉर्ममध्ये "एनटी" सापडत नाही म्हणून लोक ओपन टाकून मोकळे होतात. तसं करू नका. ओबीसी म्हणून भरा आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढायला लगेच टाका.

६. कागदं

फॉर्मच्या वेळी हे लागतं:

- मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, संकेतस्थळावरच्या नमुन्यात. त्यावर लेकराचा फोटो, लेकराची आणि पालकाची सही. तिसरी ते पाचवी कुठं शिकलं ते ह्यातच असतं.
- लेकराचा फोटो आणि दोघांच्या सह्या वेगवेगळ्या स्कॅन केलेल्या. लेकराला कोऱ्या कागदावर सही करायला आधी घरी शिकवा. माझ्यासमोर पहिल्यांदा सही करताना पोरं रडकुंडीला येतात.
- लेकराचं आधार किंवा रहिवासी दाखला.
- चालू मोबाईल नंबर, तुमचा स्वतःचा. शिकवणीवाल्या सरांचा नको, माझाही नको.

फॉर्म फुकट आहे. सेवा केंद्रात भरण्याचे आणि छापण्याचे जे काय असतील तेवढेच द्या. "फॉर्म फी" कुणी मागितली तर पावती मागा.

माध्यम निवडताना लक्ष द्या. मराठी शाळेतल्या लेकराच्या फॉर्मवर इंग्रजी टाकलं की पेपर इंग्रजीत येतो. भरून झालं की छापील प्रत घ्या आणि तिथंच उभं राहून वाचा. चूक निघाली तर दुरुस्तीला मुदतीनंतर काही दिवस मिळतात, पण सगळ्याच रकान्यांत दुरुस्ती होत नाही.

नंबर लागल्यावर आणखी लागतं: शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, ग्रामीणचा दाखला, रहिवासी, वैद्यकीय तपासणी. जातीच्या दाखल्याला उपविभागीय कार्यालयातून किती दिवस लागतात ते मी लिहीत नाही. परीक्षा झाली की त्याच आठवड्यात टाका, निकालाची वाट बघू नका.

७. तयारी, आणि निवासी क्लासची भानगड

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० मार्क. बुद्धिमत्ता ४० प्रश्न ५० मार्काला, गणित २० प्रश्न २५ मार्काला, भाषा २० प्रश्न २५ मार्काला. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही गोल कोरा सोडायचा नाही. हे सांगूनही लेकरं सोडतात, तेव्हा घरी एकदा गोल भरायचा सराव घ्या, बॉलपेननं.

धाकटीची तयारी घरीच झाली. जुन्या प्रश्नपत्रिका, रोज पाऊण तास, शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याला एक पूर्ण पेपर घड्याळ लावून. भाषेला उतारे असतात. त्यासाठी वाचनालयातली गोष्टींची पुस्तकं आणि रोजचा पेपर मोठ्यानं वाचणं एवढंच केलं. आकृत्यांचे प्रश्न मला सुटायचे नाहीत, तिला सुटायचे, ती मला शिकवायची. तिच्या तयारीतला सगळ्यात चांगला भाग तोच होता.

थोरल्याच्या वेळी मी उलट केलं होतं. चौथीचा निकाल लागल्याबरोबर त्याला एका गावी निवासी क्लासला टाकला. उन्हाळ्याचे दोन महिने. एका पत्र्याच्या हॉलमध्ये चाळीस पोरं, खाली सतरंज्या, दोन संडास. सकाळी सहा ते रात्री नऊ पेपरवर पेपर. मी आठवड्याला फोन करायचे, तो "बरं आहे" म्हणायचा. दुखलं-खुपलं न सांगणारं पोरगं, आणखी काय म्हणणार? पाचव्या आठवड्यात डबा घेऊन गेले तर बोटांच्या बेचक्यात खरजेचे फोड, रात्रभर खाजवून रक्त आलेलं. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाला, "सर म्हणले, घरी सांगितलं की नंबर लागत नाही."

त्याच दिवशी गाडीवर बसवून घरी आणला. खरूज औषधानं पंधरा दिवसांत गेली. गणिताची वही दिसली की पोट दुखायचं ते मात्र वर्षभर राहिलं. अशा क्लासांतून नंबर लागतात, हे खोटं नाही. तिथं घालायचंच असेल तर आधी संडास बघा, रात्री कोण झोपतं ते विचारा, न सांगता एकदा जेवणाच्या वेळी जा. आणि वर्षभर क्लासला ठेवून गावच्या शाळेत नुसतं नाव ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मुख्याध्यापकांना खोटी सही करायला लावून लेकराच्या नशिबात चौकशी कशाला लिहायची?

८. निकालाचा दिवस

निकाल संकेतस्थळावर जन्मतारीख आणि रोल नंबर टाकून दिसतो. नाव आलं तरी प्रवेश पक्का होतो तो कागदपत्रं तपासल्यावरच, तेव्हा फ्लेक्सवाल्याला दोन आठवडे थांबवा. शाळा सोडल्याचा दाखलाही नवोदयनं बोलावल्याशिवाय काढू नका. जागा रिकाम्या राहिल्या की पुढच्या याद्या लागतात, म्हणून पहिल्या यादीत नाव नसलं तरी मोबाईल चालू ठेवा.

नाव आलंच नाही तर? थोरल्याचा निकाल मी ऑफिसात बघितला आणि घरी जाऊन सगळ्यांसमोर सांगितला. आजोबा म्हणाले, "गेलं वर्ष पाण्यात." तो उठून शेळ्यांकडं गेला, जेवायला आलाच नाही. आधी त्याला एकट्याला सांगायला हवं होतं, तेही त्याच्या हातानं बघू देऊन. जिल्ह्यातून हजारो फॉर्म आणि जागा ८०, हा साधा हिशेब आजोबांना मी आधीच सांगून ठेवायला हवा होता.

९. पहिले तीन महिने

पेटीत कुलूप दोन किल्ल्यांचं घ्या, एक किल्ली तुमच्याकडं. कपड्यांवर नाव शिवून द्या, पेननं लिहिलेलं धुण्यात जातं. चष्मा असेल तर जास्तीचा एक.

पहिल्या भेटीला खाऊचा डोंगर आणि सगळं खानदान नेऊ नका. आई-बाप पुरे. रडलं तर रडू द्या. "दुसऱ्यांची लेकरं बघ कशी राहतात" हे वाक्य गावाच्या वेशीवर सोडून जा. विचारायचं ते नेमकं विचारा: शेजारी कोण झोपतं, आजारी पडलीस तर कुणाकडं जायचं ते माहीत आहे का, जेवताना कुणाबरोबर बसतेस. ह्या तीन प्रश्नांना नावं घेऊन उत्तरं आली की मी निम्मी निर्धास्त होते. एकदा "कुणाबरोबर नाही" असं उत्तर आलं, तेव्हा घरी येऊन हाऊसच्या बाईंना फोन केला. त्यांनी बसायची जागा बदलून दिली.

आधी गावात पहिली असलेली लेकरं तिथं चाळिसावी येतात. सगळी तशीच निवडून आलेली असतात ना! धाकटीला पहिल्या चाचणीत गणितात २५ पैकी ११ पडले. तिनं ते मला दिवाळीत सांगितलं, हसत. म्हणाली, "एक मुलगी माझ्याआधी उत्तर सांगते." तिला पहिल्यांदाच असं कुणीतरी भेटलं होतं.

नाहीच जमलं तर परत आणायची वाट अशी: नवोदयमधून दाखला घ्यायचा आणि गावच्या नाहीतर जवळच्या शाळेत नाव घालायचं. आठवीपर्यंत शिक्षणहक्काच्या कायद्यानं सरकारी शाळेला वर्षाच्या मध्येसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला तरी लेकराला बसवून घ्यावं लागतं. अभ्यासक्रम बदलतो, मराठीचं आणि इतिहासाचं पुस्तक वेगळं असतं, तेवढं महिनाभर घरी करून घ्या.

एष्टीचं विचारणाऱ्या त्या पोराचा फॉर्म मी त्या दिवशी भरला नाही. बापाला म्हणाले, उद्या मुदत वाढेल, दरवर्षी वाढते, आज ह्याला गढीला नेऊन दाखवून आणा. मुदत वाढली. आठ दिवसांनी दोघं परत आले. पोरगं खुर्चीवर चढून बसलं आणि म्हणालं, "टाका. पण माझी सही मीच करणार."